बेसबॉलच्या वेळापत्रकावर बेतलेली शिकागोची उन्हाळी सहल : कुटुंबासाठी सविस्तर मार्गदर्शक

मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ अमेरिका आणि कॅनडातल्या शहरांत विखुरलेले आहेत, परंतु एकाच शहरात दोन संघ आणि त्या दोन्ही संघांची मैदाने एकाच रेल्वेमार्गावर, अशी सोय शिकागोइतकी सरळ दुसरीकडे क्वचितच सापडते. शहराच्या उत्तर भागात कब्स संघाचे रिग्ली फील्ड आहे, दक्षिण भागात व्हाइट सॉक्स संघाचे रेट फील्ड आहे, आणि या दोहोंच्या मधोमध शहराचा मुख्य भाग, संग्रहालये आणि मिशिगन सरोवराचा किनारा आहे. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबे, ज्यांची मुले शाळेत बेसबॉल खेळतात आणि ज्यांच्याकडे उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा येतात, त्यांच्यासाठी पाच-सहा दिवसांच्या सहलीला याहून योग्य शहर मला दिसत नाही. अशा सहलीत रोज एक सामना पाहण्याचा बेत मात्र करू नये. पाच दिवसांत दोन सामने पुरेसे असतात आणि तीन म्हणजे कमाल. त्यापुढे मुलांचाही उत्साह टिकत नाही, मग ज्येष्ठांची तर गोष्टच सोडा.

आधी वेळापत्रक, मग विमानाची तिकिटे

नियमित हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यांपैकी ८१ सामने घरच्या मैदानावर होतात आणि हंगाम मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत चालतो. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक बरेच महिने आधी जाहीर होत असल्यामुळे ते समोर ठेवूनच सहलीच्या तारखा ठरवाव्यात. आधी विमानाची तिकिटे काढून नंतर सामने शोधणाऱ्यांना अनेकदा असे आढळते की त्या आठवड्यात हवा तो संघ परगावी आहे.

संघ घरी साधारण आठवडाभर राहतो आणि मग तितकेच दिवस दौऱ्यावर जातो. एका शहरातल्या दोन संघांचे घरचे सामने शक्यतो एकाच वेळी येऊ नयेत, अशी आखणी केलेली असते, त्यामुळे कब्स घरी असताना सॉक्स बहुधा बाहेर असतात. दोन्ही मैदाने पाहायची असतील तर या अदलाबदलीचा सांधा शोधावा लागतो. उदाहरणार्थ, कब्सचा घरचा मुक्काम रविवारी संपत असेल आणि सॉक्सचा सोमवारी किंवा मंगळवारी सुरू होत असेल, तर शनिवार ते बुधवार असा मुक्काम ठेवल्यास दोन्ही सामने निवांतपणे बसतात. दोन्ही वेळापत्रके कागदावर शेजारी-शेजारी लिहून घरच्या सामन्यांवर खुणा केल्या की असे सांधे लगेच दिसू लागतात, आणि हे काम मुलांवर सोपवले तर ती ते आनंदाने करतात. सोमवार आणि गुरुवार हे अनेकदा विश्रांतीचे दिवस असतात, हेही ध्यानात ठेवावे.

काही तारखा टाळलेल्या बऱ्या. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे सर्व संघांतल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, नियमित सामने सुमारे चार दिवस बंद असतात. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी ग्रँट पार्कमध्ये लोलापलूझा हा चार दिवसांचा संगीत महोत्सव भरतो. त्या काळात हॉटेलांचे दर चढतात आणि मध्यवर्ती भागात चालणेही अवघड होते. उलट बाजूने, मे महिना स्वस्त असला तरी सरोवरावरून येणारे वारे मैदानात चांगलेच बोचतात. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर जूनचा उत्तरार्ध किंवा ऑगस्टचा मध्य सर्वांत सोयीचा ठरतो.

तिकिटे आणि बसण्याची जागा

तिकिटांचे दर मागणीनुसार सतत बदलतात. मंगळवार-बुधवारचा सामना शनिवारच्या सामन्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो, आणि सेंट लुईस कार्डिनल्ससारखा जुना प्रतिस्पर्धी आला किंवा कब्स आणि सॉक्स एकमेकांशी भिडले की दर झपाट्याने वाढतात. कुटुंबासाठी प्रतिस्पर्धी कोण, यापेक्षा दिवस आणि जागा महत्त्वाची. व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने गमावले; आधुनिक काळात एका हंगामात इतके पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. चाहत्यांसाठी ही दुःखाची गोष्ट खरी, पण संघ पडत्या काळात असतो तेव्हा चार-सहा जणांच्या कुटुंबाला मैदानाजवळच्या रांगा परवडू लागतात. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर किंमत पाहताना सर्व शुल्क धरून येणारी अंतिम रक्कमच पाहावी.

रिग्ली फील्डमध्ये जागा निवडताना थोडा विचार करावा लागतो, कारण १९१४ मध्ये बांधलेल्या या मैदानाचा वरचा मजला लोखंडी खांबांवर उभा आहे. दोनशे क्रमांकाच्या विभागांत मागच्या रांगांमधून एखादा खांब नेमका पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) आणि फलंदाज यांच्या मध्ये येऊ शकतो, शिवाय वरच्या मजल्याच्या छतामुळे उंच उडालेला चेंडू दिसेनासा होतो. याच विभागांच्या पुढच्या रांगा मात्र उत्तम असतात. मैदानाचा फलंदाजीचा कोपरा नैऋत्येला आहे आणि तिसऱ्या बेसकडची (बेस म्हणजे धाव पूर्ण करण्यासाठी क्रमाने गाठायचे टप्पे) प्रेक्षागृहे पश्चिमेला आहेत, त्यामुळे दुपारच्या सामन्यात तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली लवकर येते, तर उजव्या बाजूच्या मैदानाकडे बसलेल्यांच्या डोळ्यांवर ऊन राहते. आजी-आजोबा सोबत असतील तर तिसऱ्या बेसच्या बाजूची, दोनशे क्रमांकाच्या विभागातली पुढची रांग घ्यावी. ‘ब्लीचर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मैदानापलीकडच्या पाठ नसलेल्या बाकांची ख्याती मोठी आहे, परंतु तिथे सावली नाही आणि बिअर मुक्तपणे वाहते. कॉलेजच्या मुलांसाठी ती जागा छान. सहा वर्षांच्या मुलासह तिथे बसण्यात अर्थ नाही. पायऱ्या चढणे अवघड असणाऱ्यांसाठी वेगळ्या जागा राखीव असतात, त्या तिकीट काढतानाच निवडाव्यात.

तिकिटे मोबाइलवरच असतात आणि पडद्याचा काढलेला फोटो दारावर चालत नाही. म्हणून ‘एमएलबी बॉलपार्क’ हे ॲप आदल्या दिवशीच सुरू करून पाहावे आणि कुटुंब दोन गटांत येणार असेल तर तिकिटे दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवावीत. अगदी तान्ह्या मुलांना बहुधा तिकीट लागत नाही, पण वयाची किंवा उंचीची मर्यादा संघागणिक वेगळी असल्यामुळे ती संघाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

मुक्काम आणि ये-जा

रिग्ली फील्डच्या समोर हॉटेल आहे आणि बेसबॉलवेड्या माणसाला तिथे राहण्याचा मोह होणारच. तरीही कुटुंबाने लूप किंवा रिव्हर नॉर्थ या मध्यवर्ती भागात, दोन्ही मैदानांना जोडणाऱ्या रेड लाइन या शहरी रेल्वेमार्गाच्या स्थानकापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर राहावे. तिथून उत्तरेला ॲडिसन स्थानक सुमारे २० मिनिटांवर आणि दक्षिणेला सॉक्स-३५वे हे स्थानक त्याहूनही जवळ आहे, आणि दोन्ही स्थानकांतून मैदान समोरच दिसते. हॉटेलच्या दरावर १७ टक्क्यांहून अधिक कर लागतो, हे खर्चाच्या अंदाजात धरावे.

मोटार घरी किंवा उपनगरात ठेवावी. मध्यवर्ती हॉटेलात एका रात्रीचे पार्किंग सहज ५० डॉलरच्या वर जाते आणि रिग्लीच्या परिसरातल्या गल्ल्यांमध्ये बाहेरच्यांना गाडी लावायला जागाच मिळत नाही. नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग यांसारख्या उपनगरांत नातेवाइकांकडे उतरलेल्यांनी मेट्रा या उपनगरी रेल्वेने शहरात यावे. रात्रीचा सामना असेल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे पाहूनच बेत करावा. विमानाने येणाऱ्यांसाठी ओहेअर विमानतळावरून ब्लू लाइन आणि मिडवे विमानतळावरून ऑरेंज लाइन थेट शहरात येते. शहरांतर्गत रेल्वेचे एक आणि तीन दिवसांचे पास मिळतात, आणि सात वर्षांखालील मुले तिकीट काढलेल्या मोठ्या माणसासोबत विनामूल्य प्रवास करतात. सामना संपल्यावर फलाटावर प्रचंड गर्दी उसळते. त्या गर्दीत मुलांना ओढत नेण्यापेक्षा अर्धा तास मैदानाच्या आसपास रेंगाळावे, रिग्लीच्या परिसरात त्यासाठी आइसक्रीमची दुकाने भरपूर आहेत.

समजण्यापुरता बेसबॉल

आजोबांना क्रिकेट कळते, ही मोठी शिदोरी आहे. फरक तेवढे आधी सांगून ठेवावेत. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन फलंदाज बाद झाले की डाव संपतो, त्यामुळे ‘दहा गडी’ ही कल्पना सोडून द्यावी लागते. चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे येतो. गुडघ्यांपासून साधारण छातीपर्यंत, आणि बेसच्या रुंदीइतक्या चौकटीतून गेलेला चेंडू खेळला नाही तर तो स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चौकटीबाहेरचे चार चेंडू सोडले तर फलंदाज चालत पहिल्या बेसवर जातो. पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषांबाहेर गेलेला चेंडू फाऊल ठरतो, म्हणजे क्रिकेटमधला मागे मारलेला सुंदर लेट कट इथे निरुपयोगी आहे, हे ऐकून जुने रसिक हळहळतात. कुंपणापलीकडे थेट गेलेला चेंडू म्हणजे होम रन, आणि त्याच्या धावा तीन बेसवर त्या वेळी किती खेळाडू उभे आहेत यावर ठरतात. त्यामुळे एकाच फटक्याची किंमत एकपासून चारपर्यंत काहीही असू शकते. सामना बरोबरीत सुटत नाही; नवव्या डावानंतर जादा डाव खेळवले जातात.

बेसबॉल कंटाळवाणा आणि लांबलचक असतो, ही समजूत आता जुनी झाली आहे. २०२३ पासून पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकण्याचे बंधन आल्यामुळे सरासरी सामना तीन तासांवरून सुमारे २ तास ४० मिनिटांवर आला.

मुलांना गुंतवून ठेवण्याचा माझ्या मते सर्वोत्तम मार्ग म्हणजे धावपत्रक भरणे. मैदानावर छापील धावपत्रक आणि पेन्सिल मिळते. क्षेत्ररक्षकांना ठरलेले क्रमांक असतात : पिचर १, कॅचर (फलंदाजामागे उभा, यष्टिरक्षकासारखा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ६, आणि मागचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर फेकला आणि तिथून तो पहिल्या बेसवर जाऊन दोघे बाद झाले, तर कागदावर ‘६-४-३’ एवढेच लिहायचे. स्ट्राइकवर बाद होणाऱ्यासाठी ‘के’ हे अक्षर लिहितात, आणि बॅट न फिरवताच बाद झाला असेल तर ते अक्षर उलटे काढतात. आठ-नऊ वर्षांचे मूल दोन डावांत ही भाषा शिकते आणि मग शेजारी बसलेल्या आजोबांना समजावून सांगू लागते.

रिग्लीवर दुपारचा सामनाच का

रिग्ली फील्डवर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते. मेजर लीगमधले इतर संघ केव्हाच रात्री खेळू लागले होते, पण इथे सूर्यप्रकाशातच सामने होत, आणि ती परंपरा अजून बऱ्याच अंशी टिकून आहे : शुक्रवारसह अनेक दिवशी सामना दुपारी सव्वाच्या सुमारास सुरू होतो. मैदानामागच्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये आयव्हीची वेल लावली गेली, त्याच वर्षी मध्यभागी मोठा धावफलक उभा राहिला, आणि त्यावरचे आकडे आजही आत बसलेली माणसे हातांनी बदलतात. चेंडू त्या वेलीत अडकून दिसेनासा झाला तर फलंदाजाला थेट दुसरा बेस मिळतो. हे सारे दिवसाउजेडी पाहण्यात मजा आहे, म्हणून पर्याय असेल तर इथे दुपारचाच सामना घ्यावा.

त्या दिवशी सकाळी दुसरे काहीही ठेवू नये. उशिरा न्याहारी करून सामन्याच्या सुमारे दीड तास आधी मैदानाबाहेर पोहोचावे, म्हणजे दरवाजे उघडताच आत जाऊन सराव करणारे खेळाडू जवळून पाहता येतात. मुलाचा हा पहिलाच सामना असेल तर प्रेक्षक-साहाय्य कक्षात तसे सांगावे. बहुतेक मैदानांवर त्याचे छोटे प्रमाणपत्र देतात. टोपी, सनस्क्रीन आणि एक पातळ स्वेटर या तिन्ही गोष्टी एकाच दुपारी लागू शकतात, कारण सरोवराकडून वारा सुरू झाला की तापमान पाहता पाहता उतरते. हाच वारा खेळही बदलतो : तो बाहेरच्या दिशेने वाहत असेल तर साधे उंच फटके होम रन होतात, आणि आतल्या दिशेने वाहत असेल तर तसेच फटके झेल ठरतात. म्हणून आत शिरताच छतावरच्या ध्वजांची दिशा मुलांना पाहायला लावावी.

सातव्या डावाच्या मध्यावर सारे प्रेक्षक उभे राहून एकत्र गाणे म्हणतात, ती वेळ चुकवू नये. खाद्यपदार्थांच्या रांगेत तेव्हा कोणी अडकलेले नसावे. कब्स जिंकले तर धावफलकावर पांढरा ध्वज चढतो. या संघाने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये जगज्जेतेपद मिळवले. १०८ वर्षांची ही प्रतीक्षा माहीत असली की एका साध्या मंगळवारच्या विजयानंतरही तिथली माणसे एवढी का हरखतात, ते कळते.

सुरक्षेची एकच गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. संरक्षक जाळी नसलेल्या जागांवर फाऊल चेंडू अतिशय वेगाने येऊ शकतो. लहान मूल मांडीवर असेल तर चेंडू टाकला जात असताना मोठ्या माणसाने फोनमध्ये पाहू नये. चेंडू हाती आला तर मात्र तो प्रेक्षकाचाच होतो.

सॉक्सची संध्याकाळ आणि पोटाची सोय

रेट फील्ड १९९१ मध्ये उघडले. त्याला रिग्लीचे वलय नाही, परंतु जागा ऐसपैस आहेत, दृष्टीआड येणारे खांब नाहीत आणि मुलांना चेंडू मारून, फेकून पाहण्यासाठी स्वतंत्र भाग आहे. मला विचाराल तर सहा वर्षांखालील मुलांना हेच मैदान अधिक आवडते. इथे संध्याकाळचा, पावणेसातच्या सुमारास सुरू होणारा सामना घ्यावा. शुक्रवार मिळाला तर सामन्यानंतर आतषबाजी असते. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड राहतो, त्यामुळे पहिले काही डाव मऊ उन्हात पाहायला मिळतात.

शाकाहारी मंडळींची पंचाईत होते, ही भीती रास्त असली तरी अर्धीच खरी आहे. सॉक्सच्या मैदानावर मिळणारे ‘एलोते’, म्हणजे लिंबू, तिखट, लोणी आणि चीज घालून दिलेले मक्याचे दाणे, आपल्या जिभेला लगेच रुचतात; अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र मेयॉनीज घालू नका, असे सांगावे. सालासकट भाजलेले शेंगदाणे, प्रेट्झेल, चीज नाचोज आणि फ्रेंच फ्राइज दोन्हीकडे मिळतात. शिकागोचा प्रसिद्ध हॉट डॉग मोहरी, कांदा, टोमॅटो आणि लोणच्याच्या काकडीसह देतात, त्यावर केचप मागितले तर विक्रेत्याची भुवई उंचावते. मैदानावर सर्व व्यवहार कार्डानेच होतात, रोख रक्कम चालत नाही. घरचे थोडे खाणे आणि पाण्याची बंद बाटली नेण्याची मुभा या मैदानांवर असते, पण पिशवीच्या आकाराचे नियम कडक आहेत आणि ते बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संघाच्या संकेतस्थळावर पाहून मगच ठेपले बांधावेत.

जेवणाची उणीव भरून काढायला डेव्हन ॲव्हेन्यू आहे. रेड लाइनने लोयोला स्थानकापर्यंत जाऊन तिथून १५५ क्रमांकाची बस घेतली की भारतीय उपाहारगृहे आणि वाणसामानाच्या दुकानांची ही वस्ती येते. रिग्लीवरच्या दुपारच्या सामन्यानंतर थेट तिकडे जाणे सोयीचे, कारण दिशा तीच आहे.

सामन्यांच्या मधले दिवस

ज्या दिवशी सामना नाही त्या दिवशी शहर पाहावे, आणि तेही एका दिवशी एकच मोठे ठिकाण. मिलेनियम पार्कमधली चकचकीत पोलादी ‘क्लाउड गेट’ ही शिल्पकृती मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांची आहे. तिथून जवळच पाण्याचे कारंजे असलेला चौक आहे, जिथे मुले मनसोक्त भिजतात, म्हणून कपड्यांचा एक जोड सोबत ठेवावा. पलीकडेच आर्ट इन्स्टिट्यूट आहे. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषदेत भाषण केले ते याच वास्तूत, आणि ज्येष्ठांसाठी सहलीतला हाच सर्वांत मोलाचा तास ठरण्याची शक्यता आहे. चौदा वर्षांखालील मुलांना तिथे प्रवेशमूल्य नाही. मंगळवार-बुधवारी ते सहसा बंद असते, म्हणून बेत आखताना वार पाहावा.

नदीतून इमारती दाखवणारी सुमारे दीड तासाची नौकाफेरी पायांना विश्रांती देणारी आहे, म्हणून सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ती ठेवावी. संध्याकाळचा सामना असेल त्या सकाळी लिंकन पार्कचे प्राणिसंग्रहालय बसते. ते वर्षभर विनामूल्य आहे आणि दोन तासांत पाहून होते.

पावसाची तजवीज आणि मिलवॉकीचा पर्याय

शिकागोत उन्हाळ्यात गडगडाटी पाऊस येतो आणि खेळ दोन-दोन तास थांबू शकतो. सामना पुढे ढकलला गेला तर पैसे परत न मिळता तेच तिकीट नव्या तारखेला चालते, आणि ती नवी तारीख पाहुण्यांच्या मुक्कामाबाहेरची असू शकते. म्हणून पहिला सामना सहलीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच ठेवावा; दुसऱ्या दिवशी दोन सामने खेळवून भरपाई झाली तर आपण अजून शहरातच असतो. शेवटच्या दिवशी एकमेव सामना ठेवण्याइतका मोठा धोका दुसरा नाही.

पावसाची अजिबात धास्ती नको असेल तर मिलवॉकी ब्रुअर्स संघाचे मैदान आहे. २००१ मध्ये उघडलेल्या या मैदानाला सरकते छप्पर असल्यामुळे सामना ठरल्याप्रमाणे होतोच, आणि मधल्या वेळात सॉसेजचे पोशाख घातलेल्या माणसांची शर्यत लागते, तिच्यावर मुले खूश असतात. शिकागोच्या युनियन स्टेशनवरून ॲमट्रॅक या राष्ट्रीय रेल्वेसेवेची हायवाथा गाडी सुमारे दीड तासात मिलवॉकीला पोहोचते. मैदान तिथल्या स्थानकापासून काही मैल पश्चिमेला आहे, त्यामुळे पुढे टॅक्सी घ्यावी. रेल्वेने जायचे असेल तर केवळ दुपारचा सामना निवडावा, कारण रात्रीचा सामना संपेपर्यंत शिकागोकडे परतणारी शेवटची गाडी निघून गेलेली असते.